कुणालाच न दिलेला पत्ता

१

वृंदा लिहून पोट भरायची, पण तिचं लिखाण कुणी हौसेनं वाचत नसे. घरात नवा राउटर येतो, नवा कॅमेरा येतो, आणि तो काही केल्या चालेना, की माणूस वैतागून खोक्याच्या तळाशी हात घालतो आणि एक पातळशी पुस्तिका बाहेर काढतो. ‘आधी वायर जोडा. हिरवा दिवा लागेपर्यंत थांबा.’ अशा पुस्तिका लिहिणं हे तिचं काम होतं. अंबरनाथ पूर्वेला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचा फ्लॅट होता. नवरा विनीत आणि मुलगी राजसी सकाळी बाहेर पडले, की ती चहाचा दुसरा कप घेऊन मागच्या खोलीत बसायची. खिडकीतून मलंगगड दिसायचा. दिवसभर बोलायला कुणी नसायचं आणि तिला ते चालायचं.

या कामात तिला एकच गोष्ट मनापासून आवडायची. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो, आकड्यांचा. पुस्तिकेत उदाहरण द्यायचं तर कुठला तरी पत्ता छापावा लागतो. लोकांची खोड अशी, की उदाहरणातला पत्ता ते जसाच्या तसा आपल्या यंत्रात टाकतात. तो पत्ता खरोखर कुणाचा असला, तर जगभरातली अनोळखी माणसं त्या बिचाऱ्याच्या दारात येऊन उभी राहणार. ते टाळायला काही पत्ते कायमचे बाजूला काढून ठेवलेले आहेत. फक्त छापण्यासाठी. ते कुणालाही देत नाहीत. तिथे कुणी राहत नाही, पुढेही राहणार नाही.

वृंदाच्या प्रत्येक पुस्तिकेत यातलाच एक पत्ता असायचा. २०३.०.११३.४५. शेवटचा पंचेचाळीस तिने आपल्या मनाने घेतला होता. इतक्या वर्षांत तो तिला स्वतःच्या फोन नंबरसारखा पाठ झाला होता.

२

भाऊबीजेच्या दिवशी विनीत आणि राजसी डोंबिवलीला आत्याकडे गेले. रात्री तिथेच राहणार होते. वृंदा घरी थांबली, कारण ज्यांच्यासाठी पुस्तिका लिहायची होती त्यांच्या देशात दिवाळी नव्हती आणि काम संपवून द्यायचं होतं.

दुपारी ती शेवटच्या भागाशी आली. ‘कॅमेरा सापडत नसेल तर काय करावं?’ यंत्र जागेवर आहे का ते बघायची एक सोपी रीत असते. त्या पत्त्यावर एक छोटीशी हाक पाठवायची. यंत्र असेल तर ओ देतं. नसेल तर काहीच येत नाही. इंजिनियर लोक याला पिंग म्हणतात. एकदा सुरू केलं, की थांबवेपर्यंत हाका जात राहतात. वृंदाला ‘काहीच येत नाही’ हे कसं दिसतं त्याचं चित्र पुस्तिकेत हवं होतं. तिने नेहमीचा पत्ता टाकला, बटण दाबलं आणि चहा गाळायला स्वयंपाकघरात गेली.

परत आली तेव्हा पडद्यावर ओळी उमटल्या होत्या.

उत्तर आलं होतं. एक नाही, बरीच. हाक, उत्तर. हाक, उत्तर. ती उभ्या उभ्या बघत असताना आणखी एक ओळ आली.

तिने आकडे तपासले. चूक नव्हती. तिने ते थांबवलं, शेजारचे दोन-तीन राखीव पत्ते टाकून पाहिले. तिथे काही नव्हतं, जसं असायला हवं तसंच. मग पुन्हा पंचेचाळीस टाकला. थोडा वेळ काहीच नाही. तिला हायसं वाटलं. आणि ओळ आली.

३

वृंदा घाबरट नव्हती. तिने खुर्ची ओढली आणि विचार करायला बसली. कुणीतरी केबलवाल्याने पुस्तिकेतलं उदाहरण तसंच्या तसं आपल्या यंत्रात घातलं असणार. कदाचित तिच्याच एखाद्या पुस्तिकेतलं. यात गूढ काही नव्हतं.

एक गोष्ट मात्र तिला खुपत होती. यंत्र उत्तर देतं ते डोळ्याची पापणी लवायच्या आत देतं, आणि दर वेळी तितक्याच वेळात. ही उत्तरं रेंगाळत येत होती. एक पटकन, एक उशिरा, मग थोडा वेळ नुसतीच शांतता, मग एकापाठोपाठ दोन. यंत्राला दम लागत नाही. या उत्तरांना लागत होता.

तिने विनीतला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. आई गेल्यानंतर काही महिने वृंदाला दुपारी दाराची बेल ऐकू यायची. दार उघडलं तर कुणी नसायचं. विनीतने न बोलता बेल बदलून घेतली होती. पुढे ते थांबलं. पण तेव्हापासून काही वेगळं दिसलं वा ऐकू आलं, की वृंदा आधी स्वतःकडेच संशयाने बघायची.

मग तिने एकदाचा सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. आधी लॅपटॉपचं वायफाय बंद केलं, मग हॉलमध्ये जाऊन राउटरची वायर भिंतीतून उपटली. दिवे विझले. आता लॅपटॉप म्हणजे जगाशी काही संबंध नसलेला एक डबा होता. मागच्या खोलीच्या दारात ती उभी राहिली. आत जावंसं वाटेना. पंख्याचा आवाज येत होता, खालच्या मजल्यावर कुणीतरी कुणाला ओवाळत होतं, हसण्याचे आवाज येत होते.

पडद्यावर नवी ओळ आली. थोड्या वेळाने आणखी एक.

ती आत गेली. हात पुढे करून ते सगळं बंद करणं एका बोटाचं काम होतं. बोट बटणावर गेलंही. पण का कोण जाणे, तिला ते दाबवेना. समोरचा माणूस बोलत असताना आपण फोन ठेवून द्यावा तसं वाटलं. असलं वाटणं वेडेपणाचं आहे हे तिला कळत होतं. तिने लॅपटॉपला चार्जर लावला, खोलीचं दार ओढून घेतलं आणि हाका चालूच ठेवल्या.

४

सकाळी दार उघडण्याआधी तिने चहा केला, आंघोळ उरकली, देवासमोर दिवा लावला. मग दार उघडलं.

रात्रभर उत्तरं येत राहिली होती. पण त्यांच्यातलं अंतर वाढत गेलं होतं. आधी प्रत्येक हाकेला उत्तर होतं, मग मधूनमधून गळायला लागलं होतं, आणि आता पडदाभर हाकांना एखादं कुठे उत्तर होतं. वृंदाच्या आईला शेवटी दवाखान्यात ठेवलं होतं, तिथे तिच्या श्वासाकडे बघत बसल्याचं वृंदाला आठवलं.

ही पुस्तिका कॅमेऱ्याची होती. पुस्तिकेत पुढची पायरी तिनेच लिहिलेली होती: ‘हाच पत्ता ब्राउझरमध्ये टाका. कॅमेऱ्यातलं दृश्य दिसेल.’ राउटर अजून बंदच होता. काही दिसायचं कारण नव्हतं. तिने पत्ता टाकला.

पडदा बराच वेळ पांढरा राहिला. मग एक खोली दिसली.

मोठा, छान सजवलेला हॉल. सोफ्यावर प्लास्टिकचं आवरण. टेबलावर काचेच्या भांड्यात फळं, इतकी चकचकीत, की खोटी आहेत हे कळत होतं. भिंतीवर ‘होम’ असं लाकडी अक्षरांत लिहिलेलं. समोर मोठी खिडकी, खिडकीत मलंगगड आणि त्याच्या बरोबर मध्ये उभा विजेचा उंच मनोरा, जणू डोंगर चिरत गेलेला. कुठे धूळ नाही, कागदाचा कपटा नाही. माणसं राहतात अशा घरात इतकी शांतता नसते.

मग तिला दिसलं, की सोफ्यावर एक जुनी कापडी पिशवी आहे. दाराशी झिजलेल्या चपला आहेत. त्या खोलीत तेवढ्या दोनच गोष्टी खऱ्या होत्या.

उजवीकडे एक बंद दार होतं. बाथरूमचं असावं. वृंदा त्या दाराकडे बघत राहिली, का ते तिला सांगता आलं नसतं. दाराखाली अंधारी फट होती. त्या फटीतून काहीतरी सावकाश पुढे आलं. आधी तिला पाल वाटली. मग ती बोटं आहेत हे कळलं. चार बोटं, हिरव्या काचेची बांगडी फरशीला टेकलेली. बोटं फरशीवर चाचपडली, थोडी थरथरली आणि तशीच पडून राहिली.

पडदा पांढरा झाला. पुन्हा काही दिसलं नाही.

५

तिने केबलवाल्या चंदरला फोन केला. चंदर उल्हासनगर कॅम्प पाचचा. तिथे त्याचं छोटंसं ऑफिस होतं आणि अंबरनाथच्या निम्म्या सोसायट्यांत त्याच्याच वायरी होत्या. सण असूनही तो स्कूटरवरून आला, कारण वृंदाभाभी उगाच फोन करत नाहीत हे त्याला माहीत होतं.

“राउटर तर बंद आहे भाभी,” तो म्हणाला. “तुम्हीच काढला ना? मग कंप्लेंट काय?”

वृंदाने त्याला नुसता पडदा दाखवला. चंदर खाली बसला. त्याने पत्ता वाचला, पुन्हा वाचला, वायफायची खूण बघितली. बराच वेळ काही झालं नाही. मग एक ओळ आली.

“ये तो होच नहीं सकता,” तो हळूच म्हणाला. “हा नंबर कुणाला देतच नाहीत. आणि दिला असला तरी इथे येणार कुठून? हवेतून?”

“चंदरभाई, मी एक सांगते. हसू नका.”

तिने खोलीचं वर्णन केलं, बोटांचंही. चंदर हसला नाही. रोज ज्या गोष्टीवर त्याचं पोट चालायचं ती डोळ्यांसमोर अशी वागताना बघून त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता.

“खिडकीत काय दिसलं बोललात? मलंगगड?”

“हो. आणि बरोबर मध्ये विजेचा टॉवर.”

तो विचारात पडला. “इथून टॉवर साइडला दिसतो. मध्ये दिसायचा म्हणजे पालेगावात, एकदम शेवटची बिल्डिंग. वायर मीच टाकली तिथे. पण भाभी, तिथे कोणी राहत नाही. पझेशनच दिलं नाही अजून. फक्त सॅम्पल फ्लॅट आहे, गिऱ्हाइकाला दाखवायला. दिवाळीत तोपण बंद.”

दोघांनी पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर आता काही येत नव्हतं. वृंदाने वाट पाहिली. हाका जात होत्या, एकेक करून, आणि परत काही येत नव्हतं.

“चला,” ती म्हणाली. “भास असला तर असू दे. चला.”

६

पालेगावच्या त्या रस्त्याला एका बाजूला अजून भाताची खाचरं होती आणि दुसऱ्या बाजूला उंच इमारती. शेवटच्या इमारतीच्या फाटकाशी एक वॉचमन प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. मजूर सगळे गावी गेलेले. कुठे हातोड्याचा आवाज नव्हता.

“ऑफिस बंद है. परसों आइए,” वॉचमन म्हणाला.

“वर कुणी अडकलंय,” वृंदा म्हणाली.

“कोई नहीं है मॅडम. मी आज सकाळीच ड्यूटीवर आलो. सगळं लॉक आहे. झाडूवाली बकुळा मावशी पाडव्याला येऊन झाडून गेली, असं आधीचा माणूस बोलला.”

“गेली? त्याने जाताना पाहिलं तिला?”

“ते नाही बोलला. दार ओढून कुलूप लावलं, एवढंच बोलला.” तो आधीचा माणूस सकाळीच चाव्या देऊन गावी गेला होता. चंदरने खांद्यावर हात ठेवून त्याला उठवलं. “चावी घे भाऊ. नसेल कोणी तर आपण तिघं खाली येऊन चहा पिऊ. माझ्याकडून.”

लाइट खालूनच बंद केलेली होती, लिफ्ट चालत नव्हती. ते जिन्याने चढले. प्रत्येक मजल्यावर दारं नसलेल्या चौकटी आणि आत उघडे हॉल, सिमेंटचा वास. पायांचे आवाज वर जाऊन परत येत होते. वृंदाला सारखं वाटत होतं, की परत येणारे आवाज थोडे जास्त आहेत. ती थांबली की तेही थांबत. तिने मनाला दटावलं आणि चढत राहिली.

सॅम्पल फ्लॅटचं दार वॉचमनने उघडलं. वृंदा उंबऱ्यातच थांबली. तोच सोफा. तीच फळं. खिडकीत मलंगगड आणि मधोमध मनोरा. पायाशी झिजलेल्या चपला.

“अरे बाप रे,” चंदर पुटपुटला.

वृंदा सरळ बाथरूमच्या दाराशी गेली. दाराखाली आता बोटं नव्हती. तिने दारावर दोनदा टकटक केलं.

काही नाही.

तिने कपाळ दाराला टेकवलं आणि पुन्हा टकटक केलं, हळू. आतून, खूप खालून, फरशीजवळून, उत्तर आलं. एकच टकटक.

चंदरने दाराची मूठ फिरवली तर ती त्याच्या हातातच आली. ती नुसती दिसण्यापुरती बसवलेली होती. आत कडी अडकून बसली होती. वॉचमनने खालून पहार आणली आणि दोघांनी मिळून दार काढलं.

बकुळा भिंतीला टेकून बसली होती. साठीची, काटक, नऊवारीचा काष्टा घातलेली. ओठ फुटले होते, डोळे अर्धे मिटलेले. समोर चकचकीत नळ होते, एकातही पाणी नव्हतं. त्यांना पाइपच जोडलेला नव्हता. वृंदाने बाटलीचं पाणी ओंजळीत घेऊन तिच्या ओठांना लावलं, थेंब थेंब. बकुळाने गिळलं. मग डोळे उघडून वृंदाकडे पाहिलं आणि तिच्या मनगटाला धरलं. धरलं ते रुग्णवाहिका येईपर्यंत सोडलं नाही.

७

बकुळाला खाली नेल्यावर वृंदा आणि चंदर तिची पिशवी आणि चपला घ्यायला परत वर आले. पिशवीत फराळाचा डबा होता आणि बंद पडलेला फोन.

“कॅमेरा कुठेय?” चंदरने विचारलं. तो कधीचा भिंती बघत होता.

कॅमेरा नव्हता. भिंतीवरचा मोठा टीव्ही पुठ्ठ्याचा होता, त्यावर समुद्राचं चित्र चिकटवलेलं. फ्रिज आतून पोकळ. कपाटातली पुस्तकं म्हणजे नुसते पुठ्ठे. टीव्हीखाली एक पांढरा राउटर ठेवलेला होता. चंदरने तो उचलला आणि त्याचा हात झटक्यात वर गेला, इतका तो हलका होता. प्लास्टिकचं रिकामं कवच. वायर नाही, आत काही नाही. त्याने तो जपून खाली ठेवला आणि हात पँटला पुसले.

वृंदा हॉलमध्ये मागे मागे सरकत होती. तिने पडद्यावर जे पाहिलं होतं ते कुठून दिसतं, ते शोधत होती. सोफा डावीकडे, खिडकी समोर, बाथरूमचं दार उजवीकडे. आणखी मागे. थोडं खाली वाकून. उभ्या माणसाला दिसतं त्याहून खालून. आता बरोबर जमलं.

तिच्या मागे काहीतरी टेकलं. ती वळली. जेवणाच्या टेबलाच्या सगळ्या खुर्च्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या आणि टेबलाखाली सारलेल्या होत्या. ही एक बाहेर ओढलेली होती, बाथरूमच्या दाराकडे तोंड करून. तिच्यावरचं प्लास्टिक काढून, नीट घडी घालून शेजारी जमिनीवर ठेवलेलं होतं. बसायच्या गादीला मध्यभागी खोलगा होता. वृंदा बघत असताना तो हळूहळू भरून आला आणि गादी सपाट झाली.

“भाभी, चला इथून,” चंदर दारातून म्हणाला. त्याने काही पाहिलं नव्हतं.

“चला,” वृंदा म्हणाली. पण जाताना तिने खुर्ची टेबलाखाली सारली नाही. तशीच राहू दिली.

८

दिवाळी संपून थोडे दिवस गेल्यावर वृंदा बकुळाला भेटायला तिच्या घरी गेली. पालेगावातच, इमारतींच्या मागे कौलारू घर. दवाखान्यातून ती लवकर घरी आली होती. सून तेजल दारातच भेटली आणि वृंदाचा हात हातात घेऊन रडली.

“आम्हाला वाटलं त्या झाडून तशाच मामांकडे गेल्या,” ती म्हणाली. “पाडव्यालाच बोलून गेल्या होत्या, काम झालं की सरळ बदलापूरपलीकडे भावाच्या गावी निघते. फोन लागला नाही तर वाटलं, तिकडे गावात रेंज नसेल. मामांना वाटलं, यंदा येत नाहीत.”

बकुळा ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. तिने वृंदाला शेजारी बसवून घेतलं.

“मना एक सांगा,” ती म्हणाली. “तुमाला कसा कळला?”

वृंदाने जमेल तसं सांगितलं. एक पत्ता असतो जिथे कुणी नसतं, त्यावर तिने हाक दिली आणि उत्तर आलं. रात्रभर ती हाक देत राहिली. बकुळाला पत्त्याचं काही कळलं नाही, पण ती मान हलवत होती.

“मंग बरोबर हाय. बाहेरून कोनतरी दार वाजवत व्हता. मी आतून वाजवू. मी बोलली, कोन हाय? तर बोलना. पन वाजवी. रात सारी वाजवला. मी दमली, तरी तो थांबला नाय. मी बोलली, बकुळे, बाहेर मानूस हाय, झोपू नको.”

वृंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. रात्रभर पडद्यावर उमटलेली एकेक ओळ तिला आठवली. म्हणजे ते बटण आपण दाबलं नाही ते बरं केलं, एवढंच तिच्या मनात आलं.

“ते मीच असेन मावशी,” ती म्हणाली. “भाऊबीजेला दुपारी सुरू केलं मी.”

बकुळाचे हात सुपात थांबले.

“भाऊबीजेला?”

“हो. दुपारी.”

“नाय पोरी. पाडव्याला दार लागला, तवाच वाजवला. मी एक हाक मारली न् लगेच बाहेरून टकटक. पाडव्याला सकाळीच.”

अंगणात तेजल कपडे झटकून दोरीवर घालत होती. वृंदाला खुर्चीच्या गादीतला तो खोलगा आठवला. तिने विचारलं, “भीती नाही वाटली तुम्हाला?”

“पयल्यांदा वाटली. लई वाटली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला ना, तवा मी तोंडात पदर धरला. मना वाटला, आता दार उघडल न् काय दिसल कुनास ठाव. पन तो उघडना. नुसता बसला. मंग मी त्याच्याशी बोलाय लागली. नातवांचा सांगितला, भावाचा सांगितला.” ती थोडी हसली. “दार उघडाय येत नसल त्याला. म्हनून तुमाला बोलवला.”

वृंदाकडे दुसरं स्पष्टीकरण नव्हतं आणि तिला ते शोधावंसंही वाटत नव्हतं.

“माझी भाऊबीज राहिली,” बकुळा म्हणाली. “भावाचा काय, तुळशीच्या लग्नापत्तोर कदी पन ववाळीन. पन ज्या दिवशी भाऊबीज व्हती त्या दिवशी माज्यापाशी कोन बसला व्हता? त्याला ववाळला नाय ते मना बरा वाटत नाय. उद्या कामावर जायाचा हाय. तुमी येता?”

९

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघी जिना चढल्या. लिफ्ट आता चालू होती, पण बकुळा नको म्हणाली. खालच्या मजल्यांवर मजूर परतले होते, फरशी कापायच्या यंत्राचा आवाज येत होता.

फ्लॅटमध्ये ऊन होतं. बाथरूमला नवं दार बसवलं होतं, नीट उघडणारं. खुर्ची तिथेच होती.

बकुळाने ताटात निरांजन लावलं. सुपारी, अक्षता, कुंकू, फराळाच्या डब्यातली एक करंजी. वृंदा तिच्या मागे उभी राहिली. आपण रिकाम्या खुर्चीसमोर उभ्या आहोत, हे तिने मनाशी दोनदा म्हणून पाहिलं. त्यात तिला दिलासाही वाटेना आणि खोटंही वाटेना.

बकुळाने करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं आणि पुढे केलं. कुठवर न्यायचं ते तिला कळत नसावं. बोट हवेत थोडं इकडेतिकडे झालं. मग एका जागी थांबलं. कशाला तरी टेकल्यासारखं थांबलं. बकुळाने ते सावकाश वर ओढलं, कपाळावर ओढतात तसं, आणि हात मागे घेतला.

वृंदाने तिच्या बोटाकडे पाहिलं. बोट कोरडं होतं. त्यावर कुंकू नव्हतं.

बकुळाने ते बघितलं की नाही कळलं नाही. तिने अक्षता टाकल्या, ताट ओवाळलं, मग वृंदाकडे वळून ते तिच्यापुढे धरलं. “घ्या,” ती म्हणाली. “तुमी पन ववाळा. तुमचा पन भाव झाला आता.”

वृंदाने ताट हातात घेतलं. निरांजनाची ज्योत सरळ उभी होती. तिने एक पाऊल पुढे टाकलं आणि ओवाळायला लागली.